पदवीनंतरचे अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन : वाटा आणि वेशी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांच्यापाशी एल्फिन्स्टन कॉलेजची बी.ए. पदवी आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. 1915 मध्ये ते एम.ए. झाले. त्यासाठी अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांचे वर्ग त्यांनी केले. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्ती संपली तेव्हा तिथला अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून पैसे साठवले, थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली, थोडे कर्ज मित्राकडून मिळाले आणि 1920 मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. तिथे 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. मिळाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ छापून झाल्यावर 1927 मध्ये कोलंबियाची पीएच.डी. अधिकृतपणे हाती आली.

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचे बहुतेक नमुने या एका विद्यार्थिदशेत सापडतात. वर्गात बसून अनेक विषयांचा पाया घालणारी अमेरिकी पद्धत आहे, एका प्रश्नाला भिडून प्रबंध लिहायला लावणारी इंग्रजी पद्धत आहे, मध्ये शिकवत शिकवत तगून राहणे आहे आणि सगळ्यांच्या बुडाशी पैशाचा प्रश्न आहे. त्यात नव्हता तो फक्त व्यवस्थापनाचा नमुना. हार्वर्डने एमबीए ही पदवी 1908 मध्येच सुरू केली होती; ती भारतात रुजायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

आज चित्र उलटे आहे. टी.वाय.बी.कॉम. किंवा टी.वाय.बी.ए.ला बसलेल्या मुलामुलींना पुढे काय, असे विचारले की दहापैकी बहुतेकांच्या तोंडी एमबीए येते आणि ते जमले नाही तर एम.कॉम. किंवा एम.ए., अशी उतरती भाजणी घरातही पक्की झालेली असते. ही भाजणीच चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे. या पदव्या एकाच शिडीच्या वरच्या-खालच्या पायऱ्या नाहीत. त्या वेगवेगळी कामे शिकवतात, वेगवेगळ्या दारांशी नेतात आणि मुख्य म्हणजे त्यांच्यासाठी लागणारी तयारी वेगळी असते. ती तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षात सुरू करणाऱ्याला निम्मी दारे आधीच बंद झालेली आढळतात.

अर्थशास्त्रापासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथे सर्वांत जास्त आहेत.

भारतात अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी म्हणजे नाव एक आणि प्रत्यक्षात दोन निराळे अभ्यासक्रम. पहिला प्रकार राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत चालणाऱ्या एम.ए.चा. त्यात सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, कृषी अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था हे विषय येतात. उत्तरे बहुतांशी निबंधवजा असतात आणि अनेक विद्यापीठांत ती मराठीत लिहिता येतात. दुसरा प्रकार दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था अशा ठिकाणचा. तिथे पहिल्याच सत्रात कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता यांच्या भाषेत मागणी-पुरवठा मांडला जातो, अर्थमिती म्हणजे इकॉनॉमेट्रिक्स हा मुख्य विषय असतो आणि सिद्धता लिहिता आली नाही तर गुण मिळत नाहीत. पहिल्या प्रकारातून उत्तम गुणांनी बाहेर पडलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या प्रवेशपरीक्षेत अडखळतो, तो हुशारी कमी म्हणून नव्हे. त्याला त्या भाषेची ओळखच कोणी करून दिलेली नसते.

याचे मूळ अकरावीत आहे. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेला गणित ऐच्छिक असते. त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे सगळे ज्याला एसपी म्हणतात तो विषय, घेता येतो आणि गणिताच्या धास्तीने किंवा टक्केवारीच्या हिशेबाने पुष्कळ मुले तो घेतात. कला शाखेत तर गणित घेणारी मुले शोधावी लागतात. सोळाव्या वर्षी भरलेल्या त्या एका रकान्याने एकविसाव्या वर्षीचा अर्थशास्त्राचा मार्ग ठरतो, हे त्या वेळी कोणी सांगत नाही. म्हणून वर म्हटलेल्या संस्थांच्या अर्थशास्त्राच्या वर्गात अभियंते आणि गणिताचे पदवीधरही बसलेले दिसतात. मुंबईत जन्मलेले अविनाश दीक्षित यांचे उदाहरण यात बोलके आहे. सेंट झेवियर्स कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र, मग केंब्रिजला गणित आणि त्यानंतर 1968 मध्ये एमआयटीतून अर्थशास्त्राची पीएच.डी. जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह 1977 मध्ये त्यांनी मांडलेले मक्तेदारीयुक्त स्पर्धेचे प्रतिमान आज जगभर पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते.

या संस्था एकसारख्याही नाहीत. दिल्ली स्कूल 1949 मध्ये व्ही. के. आर. व्ही. राव यांनी उभे केले. अमर्त्य सेन, जगदीश भगवती, मनमोहन सिंग यांनी तिथे शिकवले. त्याच्या एम.ए.ला आता सीयूईटी-पीजी या केंद्रीय परीक्षेतून प्रवेश मिळतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे अर्थशास्त्र केंद्र राजकीय अर्थशास्त्र आणि नियोजनाच्या परंपरेचे. अभिजित बॅनर्जींनी 1983 मध्ये एम.ए. तिथेच केले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा एमएसक्यूई हा परिमाणात्मक अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम कोलकाता आणि दिल्लीला चालतो. त्याच्या परीक्षेत एक पत्रिका गणिताची असते आणि दुसरीत अर्थशास्त्राची उदाहरणे सोडवावी लागतात. तिथे विद्यार्थ्याकडून शिकवणी शुल्क घेणे दूरच, उलट त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. गुणवान पण गरीब मुलासाठी देशातली ही सर्वांत मोठी संधी आहे आणि आपल्याकडच्या ग्रामीण महाविद्यालयांत तिचे नावही फारसे पोचलेले नाही, याची मला खंत वाटते. गोरेगावची संस्था रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये काढली. तिचा एम.एस्सी. वर्ग लहान, अभ्यास कडक आणि पीएच.डी.कडे जाण्याचा रस्ता तिथून सरळ. तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आणि चेन्नईचे मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हीही याच पंक्तीतली नावे.

महाराष्ट्राकडे मात्र स्वतःची अशी एक परंपरा होती. तिच्याबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था 1930 मध्ये सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्थशास्त्र रस्त्यावर आणि शेतावर नेले. पुणे शहराची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी केली, फळबाजाराचा अभ्यास केला, शेतीच्या उत्पादनखर्चाचे हिशेब मांडले. गाडगीळ स्वतः विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे ‘भारतातील दारिद्र्य’ 1971 मध्ये याच संस्थेच्या वातावरणातून आले. इकडे मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाला सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी विचाराची वेगळी धार दिली. गोखले संस्थेत आज एम.एस्सी.चे अनेक अभ्यासक्रम आहेत, गणित आणि अर्थमिती तिथेही आली आहे आणि ते योग्यच आहे. पण प्रश्नावली कशी तयार करायची, नमुना कसा निवडायचा, शेतकऱ्याने सांगितलेला आकडा आणि तलाठ्याच्या दप्तरातला आकडा जुळत नसेल तर काय करायचे, हे ज्ञान पदव्युत्तर वर्गात मागे पडले. आता तेच कौशल्य जे-पॅलसारख्या संशोधन संस्था क्षेत्रीय प्रयोगांसाठी शोधत असतात.

एम.ए. आणि एम.एस्सी. यांत श्रेष्ठ काय, असे विचारले जाते. पदवीच्या नावावरून काही ठरत नाही. दिल्ली स्कूलचे एम.ए. पुष्कळ एम.एस्सी.पेक्षा अधिक गणिती आहे. अभ्यासक्रमाची पत्रिका उघडावी, अर्थमितीच्या किती पत्रिका सक्तीच्या आहेत, कोणती पुस्तके लावली आहेत, प्रबंध आहे की नाही, हे पाहावे. व्हेरियनचे प्रगत पुस्तक किंवा मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचे जाडजूड पुस्तक वाचनयादीत असेल, तर तो अभ्यासक्रम कुठल्या जातीचा आहे ते लगेच कळते.

नावावरून ठरते ते नोकरीच्या वेशीवर, आणि तिथे मात्र अक्षरन्‌अक्षर मोजले जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यवसाय अर्थशास्त्र किंवा अर्थमिती यांतील पदव्युत्तर पदवीच लागते. एम.कॉम. चालत नाही, एमबीएही चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागातल्या ग्रेड बी पदांसाठीही मुख्यतः अर्थशास्त्र किंवा त्याच्या गणिती शाखांतली पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी मागतात. बी.कॉम.नंतर व्यवसाय अर्थशास्त्राकडे वळता येते, ही बाब म्हणूनच मोलाची आहे. वाणिज्य शाखेतून अर्थशास्त्राच्या सरकारी सेवांकडे जाण्याचा तो उघडा रस्ता आहे.

एम.कॉम.बद्दल बोलताना आपण फार उपेक्षेने बोलतो. हिशेब, लेखापरीक्षण, कर, वित्त यांचा तो पुढचा अभ्यास आहे. स्वस्त आहे, जिल्ह्याच्या आणि पुष्कळदा तालुक्याच्या गावी उपलब्ध आहे आणि नोकरी सांभाळून करता येतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू, विद्यापीठांचे दूरशिक्षण विभाग यांनी तो आणखी जवळ आणला. एकाच वेळी दोन पदव्या करायलाही यूजीसीने 2022 मध्ये मान्यता दिली आहे. एम.कॉम.चे मुख्य दार अध्यापनाचे. एम.कॉम.ला 55 टक्के आणि त्यावर नेट किंवा राज्याची सेट, एवढ्यावर सहायक प्राध्यापकपदासाठी पात्रता मिळते. एम.ए.लाही हेच लागू आहे. पण पात्रता आणि पद यांच्यात आज मोठी दरी आहे. कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि नेट-सेट झालेली माणसे तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, ऐन उमेदीची वर्षे घालवतात. प्राध्यापकीच्या आशेने एम.कॉम. किंवा एम.ए. करू पाहणाऱ्याला ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच कोणीतरी स्पष्ट सांगायला हवी.

विद्यापीठाबाहेरच्या व्यावसायिक परीक्षाही याच आढाव्यात येतात. सनदी लेखापालांची संस्था 1949 च्या कायद्याने उभी राहिली. कंपनी सचिव आणि व्यय लेखापाल यांच्या संस्थाही कायद्याने स्थापन झालेल्या. या तीनही अर्हतांना यूजीसीने 2021 मध्ये पदव्युत्तर पदवीच्या समकक्ष मानले. सीएसाठीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण नव्या योजनेत तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचे झाले आहे. गुंतवणूक क्षेत्रासाठी अमेरिकी संस्थेची तीन पातळ्यांची सीएफए आहे आणि विमागणिताची आवड असलेल्यांसाठी ॲक्चुअरीच्या परीक्षा. यांची फी तुलनेने कमी, पण वेळ अनिश्चित. कोण किती प्रयत्नांत सुटेल ते सांगता येत नाही आणि मध्ये अडकलेल्याला वर्षे मोजावी लागतात.

आता एमबीए. या नावाखाली इतक्या भिन्न गोष्टी विकल्या जातात की आधी नावांचा गुंता सोडवावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या पदवीचे नाव एमएमएस, पुणे विद्यापीठाच्या पदवीचे एमबीए. दोन्ही दोन वर्षांच्या आणि दर्जाने समान. पीजीडीएम ही पदविका तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिलेल्या स्वायत्त संस्था देतात. गंमत नव्हे, पण अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम 1961 मध्ये सुरू झाल्यापासून जवळपास सहा दशके पदविकाच देत होत्या. 2017 चा आयआयएम कायदा जानेवारी 2018 अखेर लागू झाला तेव्हा त्यांना पदवी देण्याचा अधिकार आला. तेव्हा पदवी की पदविका या वादात न पडता मान्यता, शिक्षक आणि कंपन्या प्रत्यक्षात कुठल्या पगारावर मुले घेऊन जातात, हे पाहावे. सरासरी पॅकेजपेक्षा मध्यक विचारावा. एखाददुसऱ्या मोठ्या आकड्याने सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही.

शिकवण्याच्या पद्धतीतच अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन यांचा मूळ फरक दिसतो. अहमदाबादची संस्था हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली आणि तिने केस पद्धत उचलली. एका खऱ्या कंपनीपुढचा पेच, अर्धीमुर्धी माहिती, आणि उद्या सकाळी निर्णय घ्यायचा आहे असे धरून वर्गात चर्चा. अर्थशास्त्राच्या वर्गात माहिती अपुरी असेल तर निष्कर्ष राखून ठेवायला शिकवतात. व्यवस्थापनाच्या वर्गात अपुऱ्या माहितीवरच पाऊल टाकायला शिकवतात. दोन्ही शिस्ती मोलाच्या आहेत. कुठली आपल्या स्वभावाला मानवते, हे ज्याचे त्याने ओळखावे. एकीकडून दुसरीकडे जाणारेही आहेत. रघुराम राजन दिल्ली आयआयटीतून अभियंते झाले, अहमदाबादला व्यवस्थापन शिकले आणि 1991 मध्ये एमआयटीच्या स्लोन स्कूलमधून बँकिंगवरच्या प्रबंधासाठी पीएच.डी. झाले.

प्रवेशाच्या वेशी अनेक आहेत. आयआयएमसाठी कॅट. पदवीला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 45, वयाची अट नाही. दोन तासांत भाषा, तर्क-विदा आणि गणित असे तीन भाग. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयसाठी झॅट, नरसी मोनजीसाठी एनमॅट, सिम्बायोसिससाठी स्नॅप. आणि आपल्याकडची राज्य सीईटी. तिचा आजवरचा घाट अडीच तासांत 200 प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा न होणे असा राहिला आहे. सीईटीच्या गुणांवर केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांतून जागा भरतात. स्टॅनफर्डच्या सहकार्याने 1965 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे एमएमएस या परीक्षेतून मिळते आणि आयआयएमच्या वीस-पंचवीस लाखांच्या फीपुढे तिथला खर्च कितीतरी कमी आहे. पुणे विद्यापीठाचा पुम्बा हा विभागही या परीक्षेच्या भरवशावर गाठता येतो. 1963 ची नीटी ही संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली आणि नागपूरला आयआयएम 2015 पासून आहे, म्हणजे कॅटची दोन मोठी दारेही राज्यातच आहेत. गोव्यात 1993 मध्ये सुरू झालेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे आणि गोवा विद्यापीठाचे बिझनेस स्कूलही.

या नामांकित वीस-तीस संस्थांच्या पलीकडे मात्र गाव बदलले की एक एमबीए कॉलेज, अशी स्थिती आहे. तिथे दोन-अडीच लाख फी भरून, वडिलांच्या जमिनीवर किंवा आईच्या दागिन्यांवर कर्ज काढून शिकलेली मुले शेवटी बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या विक्रीविभागात, बी.कॉम.ला मिळाली असती त्याच पगारावर लागतात. अशा एमबीएपेक्षा चांगल्या विभागातले एम.कॉम. किंवा एम.ए. आणि जोडीला एक्सेल, आर किंवा पायथॉनवर बसलेला हात अधिक उपयोगी पडतो. पालक दुखावले तरी चालेल, पण हे लिहायलाच हवे.

नोकरी करणाऱ्यांसाठी मुंबईने एक चांगली सोय जपली आहे. विद्यापीठाचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम, वित्तासाठी एमएफएम, विपणनासाठी एमएमएम, मनुष्यबळासाठी एमएचआरडीएम. दिवसभर फोर्टात किंवा बीकेसीत काम करून संध्याकाळी वर्गात बसणाऱ्यांच्या पिढ्या यातून घडल्या. हैदराबादच्या आयएसबीसारखे एका वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम अनुभवी लोकांसाठी आहेत आणि तिथे सहसा जीमॅटचे गुण मागतात.

एमबीए आणि एम.ए. यांच्या मधल्या पट्ट्यात काही अभ्यासक्रम असे आहेत की ते महाराष्ट्राच्या प्रश्नांच्या सर्वांत जवळचे आहेत आणि तरी त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी प्रबंध संस्था सहकार आणि कृषिव्यवसायाचे व्यवस्थापन शिकवते. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँका आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्या असलेल्या राज्यात तिच्याकडे रांग लागायला हवी होती. वर्गीज कुरियन यांनी 1979 मध्ये आणंदला उभारलेली ग्रामीण व्यवस्थापनाची इर्मा, हैदराबादची मॅनेज, रिझर्व्ह बँकेने 1969 मध्ये काढलेली आणि आता पुण्यात असलेली बँक व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, बालेवाडीची राष्ट्रीय विमा अकादमी, देवनारच्या टाटा संस्थेचा मनुष्यबळ आणि श्रमसंबंधांचा अभ्यासक्रम, या प्रत्येकीचे क्षेत्र नेमके आहे आणि तिथून बाहेर पडणाऱ्याला काय येते, हे मालकाला ठाऊक असते. सार्वजनिक धोरणाच्या पदव्याही आता आल्या आहेत. पवईच्या आयआयटीतही अशी पदवी मिळते. शासनात, आमदार-खासदारांच्या कार्यालयांत, स्वयंसेवी संस्थांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी त्या बऱ्या आहेत. पण पाया अर्थशास्त्राचा नसेल तर धोरणाची चर्चा हवेतच राहते.

परदेशाचे आकार वेगळे. ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षाचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे एम.एस्सी. दहाएक महिन्यांत उरकते आणि तेवढ्यात सारे पेलावे लागते. युरोपात दोन वर्षांचे. जर्मनीत बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिकवणी फी नाही, त्यामुळे बॉनसारख्या ठिकाणी उत्तम अर्थशास्त्र राहण्याच्या खर्चात शिकता येते. मानहाइम ज्या राज्यात आहे तिथे मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला दीड हजार युरो घेतात. इरॅस्मस मुंडुसची शिष्यवृत्ती मिळाली तर दोन देशांत शिकता येते. फ्रान्समधल्या एचईसीसारख्या संस्था नव्या पदवीधरांना मास्टर्स इन मॅनेजमेंट देतात. अमेरिकी एमबीएला मात्र काही वर्षांचा कामाचा अनुभव अपेक्षित असतो. अमेरिकेत परिमाणात्मक अर्थशास्त्राचे मास्टर्स स्टेम गटात मोडत असल्याने शिक्षणानंतर तिथे काम करायला जास्त मुदत मिळते, म्हणून ते अलीकडे फार वाढले. खर्च प्रचंड आणि व्हिसाचे वारे बदलते, हे दोन्ही धरूनच तो निर्णय घ्यावा.

अमेरिकी पीएच.डी.बद्दल आपल्याकडे एक मोठी गोष्ट माहीत नसते. तिथे एम.ए. नसतानाही थेट प्रवेश मिळू शकतो, फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या सहायकाचे वेतन मिळते. पाच-सहा वर्षे. पहिले वर्ष सूक्ष्म, समग्र आणि अर्थमिती या तीन विषयांचे, शेवटी कठोर परीक्षा, आणि त्यात नापास झालेल्याला बाहेर पडावे लागते. प्रवेशसमित्या पाहतात ती गणिताची गुणपत्रिका आणि ओळखीच्या अर्थतज्ज्ञाचे शिफारसपत्र. म्हणून हल्ली विद्यार्थी आधी एक-दोन वर्षे एखाद्या प्राध्यापकाकडे संशोधन सहायक म्हणून राबतात.

भारतात पीएच.डी.चे नियम 2022 मध्ये बदलले. एम.फिल. बंद झाले. चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला पात्र होता येते. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. नेटमधून जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांनी अनेक घरांतली पहिली पीएच.डी. शक्य केली. त्या वेळेवर मिळाव्यात यासाठी विद्यार्थ्यांना उपोषणाला बसावे लागते, ही शरमेची गोष्ट आहे. आयआयएमची डॉक्टरेट पूर्ण अर्थसाह्यावर चालते आणि अध्यापनाच्या खासगी बाजारात तिला मागणी आहे. विद्यापीठातल्या पीएच.डी.त सगळे मार्गदर्शकावर अवलंबून. विषयाआधी मार्गदर्शक निवडावा आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोलूनच नाव नोंदवावे.

मराठीतून एम.ए. करणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. मराठी अर्थशास्त्र परिषद आणि दांडेकरांनी स्थापन केलेल्या इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमीची ‘अर्थबोधपत्रिका’ यांनी या भाषेत अर्थशास्त्र लिहिता येते, हे दाखवून दिले आहे. अडचण मराठीची नाहीच. कलनशास्त्राला भाषा लागत नाही. अडचण अशी की मराठी माध्यमाच्या एम.ए.त गणित आणि अर्थमिती टाळली जाते, जणू मराठीत शिकणाऱ्याला ती झेपणार नाही. हा अपमान आहे, आणि तो विद्यापीठांनी अभ्यासक्रम बदलून दूर करावा.

येत्या काही वर्षांत आणखी एक उलथापालथ होणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे मास्टर्स आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एकाच वर्षाचे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण 2024-25 पासून आले, म्हणजे ती पहिली तुकडी 2027 मध्ये तिसरे वर्ष संपवेल आणि तिला चौथ्या वर्षाचा निर्णय करावा लागेल. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष चालणार आहे का आणि त्यात संशोधनाचा प्रकल्प घेऊ शकणारा मार्गदर्शक आहे का, हे आताच विचारायला हवे. नसेल तर तिसऱ्या वर्षानंतर चांगल्या ठिकाणचे दोन वर्षांचे मास्टर्स कधीही बरे.

पैशाच्या बाबतीत राज्याच्या योजना पुष्कळ आहेत आणि माहितीअभावी वाया जातात. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती महाडीबीटी या संकेतस्थळावरून मिळते. संस्थापातळीच्या कोट्यातून प्रवेश घेतला की ती जाते, हे आधी कळत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी मास्टर्स आणि पीएच.डी.साठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागास आणि खुल्या गटासाठीही त्या-त्या विभागांच्या योजना आहेत.

आणि तारखा. कॅटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा नोव्हेंबरअखेर होते. सीयूईटी-पीजी मार्चच्या सुमारास, राज्य सीईटी त्याच्या आगेमागे, सांख्यिकी संस्थेची परीक्षा मे महिन्यात. अमेरिकी पीएच.डी.चे अर्ज डिसेंबरात बंद होतात आणि शिफारसपत्रे त्याआधी मागावी लागतात. यांतले जवळजवळ सगळे टी.वाय.चा निकाल लागायच्या आत उरकलेले असते. जूनमध्ये गुणपत्रिका हातात घेऊन चौकशीला निघालेल्याला त्या वर्षी उरते ते जवळच्या महाविद्यालयातले एम.ए., एम.कॉम. आणि कॅपच्या शेवटच्या फेरीतल्या रिकाम्या जागा.